पाळणा हलवणार कोण?

दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीपासून दूर ठेवणारी अट आंध्र प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्याच्या आदल्याच महिन्यात मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी अधिक मुले होऊ देण्याचे आवाहन केले होते. कालपरवापर्यंत ‘पाळणा लांबवा’ म्हणणारी व्यवस्था आता तो हलता ठेवा म्हणू लागली आहे. गोव्याला हा विषय परका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा एकूण प्रजनन दर २ होता, तेलंगणाचा १.८ आणि गोव्याचा अवघा १.३. राज्यांमध्ये त्याहून कमी दर केवळ सिक्कीमचा होता.

तरुणांना मूल नको असते, असा सोपा निष्कर्ष यातून काढला जातो. तो पटण्याजोगा नाही. हैदराबादच्या तारनाका भागाकडे पाहावे. भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, राष्ट्रीय पोषण संस्था आणि शेजारचे उस्मानिया विद्यापीठ यांमुळे देशभरातील तरुण संशोधक येथे येतात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि तारनाक्याची रासायनिक संस्था एकाच परिषदेची लेकरे असल्याने हे जग गोमंतकीयांनाही ओळखीचे आहे. पीएचडी संपेपर्यंत तिशी उजाडते. पुढे मुदतीच्या पाठ्यवृत्त्या. नवरा-बायको दोघेही प्रयोगशाळेत आणि दोघांचे आईवडील शेकडो मैलांवर. अशा घरात मुलाची इच्छा मेलेली नसते. ती पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकलता ढकलता वय निघून जाते.

आजीआजोबांचा आधार असेल तर पुढचे मूल होण्याची शक्यता वाढते, असे नेदरलँड्ससारख्या देशांतील अभ्यासांतही आढळले आहे. आपल्याकडे ते सांगायला अभ्यास कशाला हवा! मात्र या मायेची दुसरी बाजू आपण झाकून ठेवतो. आजी मदतीला येते, तेव्हा एका स्त्रीचे काम दुसऱ्या, अधिक वयाच्या स्त्रीकडे सरकते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांच्या संगोपन-शुश्रूषेत गुंतलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, पुरुष ७६. आईची सारी उमर त्यात गेलेली जिने पाहिली, ती मुलगी आईवर जीव टाकूनही आई होण्यास कचरते. तिला स्वार्थी ठरवणे अन्यायाचे आहे. कुटुंबाचा जिव्हाळा इच्छा जागवतो, तसाच धाकही घालतो.

गोव्यात पेच आणखी घट्ट आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील ११.२ टक्के लोक साठीपलीकडचे होते; केरळनंतर हे प्रमाण सर्वाधिक. एकुलती लेक हैदराबादेत वा बेंगळुरूत आणि आईवडील फोंड्यात, अशी घरे आता अपवाद राहिलेली नाहीत. तिने आधी कोणाचे करावे?

अनुदानाने हे सुटेल, असे मला वाटत नाही. सिक्कीमने सरकारी कर्मचारी मातांना वर्षभराची रजा देऊ केली, पण कंत्राटी नोकरीतल्या मुलीला तिचा काय उपयोग? त्यामानाने २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्यातील एक तरतूद कामाची आहे: पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी किती पाळणाघरे आज प्रत्यक्ष चालू आहेत, ते सरकारने आधी मोजून जाहीर करावे.