ही बेरीज की बनवाबनवी?

दिल्लीच्या द्वारका भागात, सेक्टर 8 मध्ये, राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था आहे. 1977 साली जनतेच्या पैशावर उभी राहिलेली. तिच्या आणि तिची पालक असलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या दाराशी आमचा एक प्रश्न आहे : औषधचाचण्यांची बेरीज या देशात कोण करतो, आणि कशी?

प्रश्न कोरडा वाटत असेल तर प्रायमाक्विनची कथा ऐका. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी सहा-आठ महिन्यांनीही, पुन्हा उठतात. त्यांना तिथेच मारण्यासाठी प्रायमाक्विन. इतर अनेक ठिकाणी ते चौदा दिवस देत. आपण कित्येक दशके पाच दिवसांवर भागवले. 1999 साली केईएम रुग्णालयाच्या नित्या गोगटे, नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या रुग्णांवर पाच आणि चौदा दिवसांची तुलना छापली. पाच दिवसांचा क्रम उघडा पडला. 2007 च्या कॉक्रेन आढाव्याने निरनिराळ्या चाचण्या एकत्र मांडून तेच सांगितले : पाच दिवस प्रायमाक्विन घेणे आणि ते मुळीच न घेणे यांत फरक दिसत नाही! दशकानुदशके तापाने फणफणलेल्या मजुरांना हा हिशेब कोण देणार?

चाचण्यांच्या या बेरजेतही एक मेख आहे. एका चाचणीत रुग्ण 28 दिवस पाहिला, दुसरीत सहा महिने. पहिलीतला ‘बरा’ आणि दुसरीतला ‘बरा’ एकाच रकान्यात टाकून सरासरी काढणे म्हणजे पेरणीनंतर महिन्याने शेत पाहून पिकाचा उतारा जाहीर करणे. एका चाचणीतला औषधाचा गट दुसरीतल्या बिनऔषधाच्या गटासमोर उभा करणे तर शुद्ध लबाडी. तुलना आधी ज्या त्या चाचणीच्या आत व्हावी, मगच निष्कर्ष जोडावेत. 28 व्या दिवशी पाठपुरावा संपला, तर ‘पुढे ठाऊक नाही’ असे लिहावे. ‘बरा झाला’ असे नव्हे. आणि वजन, किलोमागे मात्रा, ताप परतल्याचा दिवस हे सारे रुग्णनिहाय हाती हवे. छापील टक्केवारीतून ते निघत नाही, कितीही पिळा.

रुग्णनिहाय नोंदी जोडल्या की काय दिसते? 2024 साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये छापलेल्या अशाच बेरजेत किलोमागे एकूण 7 मिलिग्रॅम मात्रेने ताप परतण्याचे प्रमाण साडेतीन मिलिग्रॅमच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. पाच दिवसांचा क्रम मागे पडला; आताचा आपला राष्ट्रीय क्रम मोजा : रोज किलोमागे पाव मिलिग्रॅम, चौदा दिवस. म्हणजे नेमके साडेतीन! मात्रा वाढवायची तर जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी हवी, नाहीतर त्याची कमतरता असलेल्या रुग्णांच्या रक्तपेशी फुटतात, हे मान्य. पण अडचण तपासणीची असेल तर तपासणी आणा, अज्ञानाची ढाल करू नका.

जून 2009 पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे. तिने चाचणी झाली एवढे कळते. रुग्णांच्या नोंदी कपाटातच राहतात. त्या रुग्णांनी आपले रक्त दिले ते कुणाच्या बढतीसाठी नव्हे. परिषदेने यापुढे नाव-गाव झाकून रुग्णनिहाय नोंदी सामाईक भांडारात देण्याची आणि व्हायवॅक्ससाठी किमान सहा महिने पाठपुराव्याची अट अनुदानाच्या पत्रातच घालावी. जो मानणार नाही, त्याला एक छदामही देऊ नये.