नव्वद दिवसांचा दाखला

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. ७२० माणसे अहोरात्र राबली. गिनेस बुकात विक्रम नोंदला गेला. कामाचा हिशेब मिनिटापर्यंत ठेवता येतो, हे त्यावरून सिद्धच झाले. परंतु बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीस वर्षातून ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. रोज ठिय्यावर उभे राहून नवा धनी शोधणाऱ्या गवंड्याने, रेजाने तो कोणाकडून आणावा? चार दिवसांचा मालक सही कशाला करील! बांधकामखर्चावरील एक टक्का उपकर याच मजुरांसाठी आहे. दोन्ही शहरांच्या महापालिकांनी आपला कारकून रोज सकाळी ठिय्यावर बसवावा आणि हजेरी तेथेच लिहावी.