“डॉक्टर, याला जरा समजवा!”

माझ्या ओपीडीत आठवड्यातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य ऐकू येतं. कधी शुद्ध मराठीत, कधी आपल्या खान्देशी वळणाने, “डॉक्टरसाहेब, याले जरा समजवा.” समोर खाली मान घालून बसलेला मुलगा असतो, डोकं दुखणारी सून असते, नाहीतर दारू पिणारा नवरा असतो. बाजूला घरची दोन-तीन माणसं उभी. माझ्या चार शब्दांनी हे माणूस सुधारावं, मी एखादी गोळी लिहावी आणि घर होतं तसंच चालू राहावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

आज या वाक्याविरुद्ध लिहायचं आहे. कारण या वाक्यात निदान आधीच ठरलेलं असतं: बिघाड या एकाच माणसात आहे, बाकीचं घर ठणठणीत आहे.

पोटदुखीचा मुलगा

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अकरा-बारा वर्षांचा मुलगा. आई आणि आजी-आजोबांबरोबर गावी राहायचा. वडील सुरतला कापडाच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी यायचे. मुलाचं पोट वारंवार दुखायचं. मी जंताचं औषध दिलं, ॲसिडिटीचं दिलं, मुरड्याचं दिलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. सहा महिने मी त्याच्या पोटावर हात ठेवून तपासत राहिलो. त्याच्या घराबद्दल मात्र एक प्रश्न विचारला नाही. ही चूक माझीच.

शेवटी एका रविवारी, वडील आलेले असताना, पाचही जणांना बोलावलं. विचारलं, “याचं पोट दुखायला लागलं की घरात काय काय होतं?” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आजी म्हणाली, “मग काय, भांडण बंद होतं.”

वडील घरी आले की शेतीच्या वाटणीवरून आजोबांशी वाद व्हायचा. आई कधी मध्ये पडायची, कधी रडत आत जायची. तेवढ्यात मुलाचं पोट दुखायचं. वाद थांबायचा, आजोबा मोटारसायकल काढायचे, वडील त्याला मांडीवर घ्यायचे. त्या घरात सगळे एकत्र येण्याचं ते एकच निमित्त उरलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मुलगा नाटक करत नव्हता. पोट खरंच दुखत होतं. मेंदू आणि आतडं यांच्यात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. ताण आला की आतड्याची हालचाल बदलते आणि एरवी जाणवणार नाही अशी संवेदनाही वेदना म्हणून जाणवते. दुखणं त्याच्या पोटात होतं, पण त्याची किल्ली घरात होती.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. वाटणीची बोलणी मुलासमोर होणार नाहीत, ती मोठ्या काकांच्या घरी बसून करायची. वडील ठरलेल्या दिवशी मुलाला फोन करतील, फक्त तो आजारी पडल्यावर नाही. पोट दुखलं तरी, तपासणीत काही नसेल तर, शाळा चुकणार नाही. काही महिन्यांत दुखणं बरंच कमी झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. वाटणीही अजून झालेली नाही.

याला शास्त्र आहे

मी जे केलं ते फार तर नीट केलेली चौकशी होती. पण या दृष्टीने बघणारी एक रीतसर उपचारपद्धती आहे. तिला सिस्टिमिक फॅमिली थेरपी म्हणतात, आपण कुटुंबोपचार म्हणू. तिचं मूळ सूत्र साधं आहे. घर म्हणजे एकमेकांना दोऱ्यांनी बांधलेली माणसं. एक दोरी ओढली की सगळे हलतात. म्हणून “दोष कुणाचा?” असं न विचारता “हे चक्र फिरतं कसं?” असं विचारायचं.

आई ओरडते म्हणून मुलगा मोबाइल घेऊन खोलीत जातो. मुलगा खोलीत जातो म्हणून आई ओरडते. दोघांनाही आपलंच खरं वाटतं आणि दोघंही खरंच बोलत असतात. अशा घरात एकट्या मुलाला समजावून काय होणार?

अमेरिकेत फिलाडेल्फिया इथे साल्वादोर मिनुचिन या मानसोपचारतज्ज्ञांनी मधुमेही मुलांवर काम केलं. इन्सुलिन नीट चालू असूनही काही मुलं पुन्हा पुन्हा रक्तात आम्ल वाढून रुग्णालयात यायची. आईवडिलांचा वाद चालू असताना त्यांच्या टीमने मुलांच्या रक्तातली मेदाम्लं मोजली, तर ती वाढलेली दिसली. मुलं मोजकीच होती, या कामावर पुढे टीकाही झाली. तरी घरातला ताण रक्तात उतरू शकतो, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला.

अधिक भक्कम पुरावा स्किझोफ्रेनियाचा आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 1972 साली दाखवलं, की सतत टीका, राग किंवा अति गुंतून राहणं असलेल्या घरी परतलेल्या रुग्णांपैकी 58 टक्के नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. शांत घरांत हे प्रमाण 16 टक्के होतं. म्हणूनच औषधांच्या जोडीला घरच्यांना आजार समजावून सांगितला, बोलण्याची पद्धत बदलली, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. हे त्यानंतर अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

“ही पाश्चात्य फॅडं आपल्याकडे नकोत”

असं म्हणणाऱ्यांना मी अमृतसरला पाठवतो. फाळणीनंतर, 1950 च्या दशकात, तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहायला बोलावलं. घरचे रुग्णाची सेवा करायचे आणि आजार समजून घ्यायचे. बरा झालेला माणूस घरी जायचा तेव्हा घरही शिकून गेलेलं असायचं. पश्चिमेत नातेवाइकांना भेटीच्या वेळेपुरतं आत घेत होते, त्या काळातली ही गोष्ट.

आणि आपल्या महाराष्ट्रात? पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाच्या बायकोसाठीही ‘सहचरी’ गट असतो. कारण दारू एकाच्या पोटात जाते, पण तिच्याभोवती सगळं घर फिरू लागतं.

आपली कुटुंबसंस्था मजबूत आहे, हे मला मान्य आहे. मग ती मजबूत संस्था दवाखान्यात फक्त बिल भरायला आणि तक्रार सांगायलाच का येते?

“म्हणजे दोष आमचाच?”

नाही. हे ठणकावून सांगतो, कारण आमच्या शास्त्रानेही इथे पाप केलेलं आहे. एके काळी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं जायचं. स्वमग्नतेचं खापर तर ‘थंड’ आयांवर. दोन्ही कल्पना साफ चुकीच्या ठरल्या. तोवर कित्येक आया स्वतःला दोष देत झिजल्या. आजार घराने दिला, असं मी म्हणत नाही. आजारातून बाहेर काढण्याची ताकद घरात आहे, आणि ती आपण वापरत नाही, असं म्हणतोय.

दुसरी मर्यादाही सांगतो. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल, तर सगळ्यांना एकत्र बसवून ‘समेट’ घडवणं हा उपचार नव्हे. तिथे खरं बोलणाऱ्याला घरी गेल्यावर मार बसतो. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीने पोलिसांसाठी 112.

तक्रार आम्हा डॉक्टरांबद्दलही

गोळी लिहायला दोन मिनिटं लागतात, घर समजून घ्यायला पाऊण तास. आम्ही गोळी निवडतो. झोपेची गोळी, ‘ताकदीची’ बाटली, आणखी एक सोनोग्राफी. पेशंटलाही काहीतरी मिळाल्याचं समाधान. पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (2015-16) देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नाही. भडगावसारख्या तालुक्यात प्रशिक्षित कुटुंबोपचारक माझ्या तरी माहितीत नाही. मग “तज्ज्ञ येईल तेव्हा बघू” म्हणत बसायचं का? शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन मानसिक आधाराचं काम उभं राहिलं. आशाताई, शाळेतले शिक्षक, आमच्यासारखे डॉक्टर यांना एवढं शिकवणं अशक्य नाही. सरकारने 2017 चा मानसिक आरोग्य कायदा केला, चांगलं केलं. पण कायद्यातला हक्क तालुक्याच्या दवाखान्यात चार खुर्च्या आणि एक शिकलेला माणूस यांच्याशिवाय पोकळ आहे.

तुम्ही काय कराल?

• आधी शरीराची तपासणी. वजन घटणं, झोपेतून उठवणारं दुखणं, शौचातून रक्त, सततची उलटी किंवा ताप असेल तर “टेन्शन असेल” म्हणून सोडू नका.

• चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. कुटुंबोपचार औषधांच्या जोडीने असतो, त्यांच्या जागी नाही.

• “हा असा का वागतो?” याऐवजी एकमेकांना विचारा: “हे सुरू झालं की आपण प्रत्येक जण काय करतो? त्यानंतर काय होतं?”

• मोठ्यांची भांडणं मोठ्यांत ठेवा. मुलाला निरोप्या, साक्षीदार किंवा न्यायाधीश करू नका.

• जिवाचं बरंवाईट करण्याचं कोणी बोललं तर ते धमकी समजून सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस, 14416, ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी “याला जरा समजवा” म्हणायला याल, तेव्हा मी एकच विनंती करेन. उभे राहू नका, खुर्ची ओढून बसा. केसपेपरवर नाव त्याचंच राहील, पण पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे.