खेळांत चेहरा कशाला?

२०२५ च्या जूनमध्यें निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीनें 'स्विच २' हें खेळयंत्र बाजारांत आणलें, तेव्हां त्याच्या एका बटणाचा फार गाजावाजा झाला. 'सी' अक्षराचें हें बटण दाबलें कीं दूरदूरचे खेळगडी एकमेकांशीं बोलूं लागतात. आणि निराळा विकत मिळणारा कॅमेरा जोडला तर खेळाच्या चित्राबरोबर त्यांचे चेहरेही दिसूं लागतात. आतां खेळाडूचें एकाकीपण संपलें, असें ह्या सोयीचे भक्त म्हणतात. मला ही सोय नसून खेळावरचें आक्रमण वाटतें.

कल्पना मुळांत नवी नाहीं. सेगानें २००० सालीं जपानांत 'ड्रीमकास्ट'साठीं कॅमेरा काढला होता. २००६ सालीं मायक्रोसॉफ्टनें तो 'एक्सबॉक्स ३६०'ला जोडला. 'उनो' हा पत्त्यांचा निरुपद्रवी खेळ, आजी-नातवंडांनीं मिळून खेळावा असा. पण त्यांत परक्यांचे चेहरे दिसूं लागतांच कांहीं महाभागांनीं कॅमेऱ्यासमोर जें दाखविण्यास प्रारंभ केला, तें ह्या मासिकांत लिहिण्याजोगें नाहीं. २०१३ सालीं त्याच कंपनीनें 'एक्सबॉक्स वन'बरोबर 'किनेक्ट' प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधला. पुढच्याच वर्षीं तो वगळून यंत्र विकणें तिला भाग पडलें. किंमत हें त्याचें एक कारण होतें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु दिवाणखान्यांत सदैव उघडा असलेला डोळा अनेकांना नको होता, हेंही खरेंच.

खेळ म्हणजे, आपण जे आहों तें कांहीं काळ नसण्याची मुभा. वर्गांत तोंड न उघडणारा मुलगा तेथें सेनापति होतो. ऑनलाइन खेळांत आवाज आला तेव्हांच कित्येक मुलींनीं, वाह्यात शेरे टाळण्यासाठीं, माइक बंद ठेवण्याची संवय लावून घेतली. पुरुषी नांवानें खेळणाऱ्याही पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ आतां चेहरा मागावयाचा, आणि ह्याला सोबत म्हणावयाचें!

"ज्याला नको त्यानें कॅमेरा लावूं नये," हें ह्यावरचें ठरलेलें उत्तर. तें किती पोकळ आहे, हें मला माझ्याच वर्तनावरून कळलें आहे. २०२० सालीं टाळेबंदींत मी घरून शिकवीत असें. पडद्यावरचे काळे चौकोन मला अपमानकारक वाटत, म्हणून कॅमेरे लावा असा मीं आग्रह धरला. हळूहळू बहुतेकांनीं लावले. एका मुलीनें लावला नाहीं. मीं तिला वर्गासमोर दोनदां टोकलें, तिसऱ्या दिवशीं गैरहजर मांडलें. पुढें महाविद्यालय उघडल्यावर तिनें शांतपणें सांगितलें कीं, घर एका खोलीचें. रात्रपाळी करून आलेले वडील तिच्या मागेंच निजलेले असत. चेहरा न दाखविणारा कांहीं तरी लपवितो, असें मीं गृहीत धरलें होतें. लपविण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, हें माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

तेंच आतां खेळांत होणार. चौघांपैकीं तिघे दिसूं लागले कीं चौथ्याला कोणी सक्ती करावी लागत नाहीं, "तुझा कां बंद?" एवढा प्रश्न पुरतो. बारा वर्षांच्या मुलाला तो नियमापेक्षां जड जातो. निन्टेन्डोनें ह्या गप्पा ओळखीच्या मंडळींपुरत्या ठेवल्या आहेत, सोळा वर्षांखालील मुलांस पालकांची परवानगी घ्यावयास लाविली आहे. पथ्यें चांगलीं आहेत. पण तीं परक्यांपासून रक्षण करतात. आणि हा प्रश्न विचारणारे परके नसतात, जिवलग मित्र असतात. शिवाय कोणाची खोली सजलेली आणि कोणाच्या भिंतीचे पोपडे उडालेले, हें आजवर खेळांत कोणाला ठाऊक नसे. ही समता शाळेंतही नव्हती.

माझे एक शेजारी ह्या बाबतींत माझ्याशीं भांडतात. त्यांचा नातू अमेरिकेंत आहे, आणि रविवारीं सकाळीं दोघे कॅमेरा लावून बुद्धिबळ खेळतात. त्यांचें सुख मी कशाला हिरावूं? परस्परांचें मुख पाहण्यासाठींच ते बसतात. पट हें निमित्त. मात्र डाव कसा झाला, असें परवां विचारलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "त्याचे दांत पडलेत पुढचे. तेंच पाहत बसलों, आणि वजीर गेला."