जानेवारीत सापडलेलं भोक, जुलैत अडकलेल्या बँका

३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने, म्हणजे आपलं यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, एक छोटं निवेदन काढलं. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा, म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं केलंय, असं त्यात होतं. हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलंही नसेल. टीसीएस आणि स्टेट बँकेची ही भागीदारीतली कंपनी, आणि तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँका. बातम्यांनुसार तब्बल ३०० छोट्या बँकांना फटका बसला.

एका कंपनीमुळे ३०० बँका कशा अडकल्या? आमच्या पवनारसारख्या गावातल्या माणसाला बँकेचा बोर्ड दिसतो, कॅशियर ओळखीचा असतो. पण छोट्या बँकेला स्वतःचं डेटा सेंटर परवडत नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर भाड्याने घेतलेलं असतं. नंतर एनपीसीआयने सांगितलं की बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्का लागला नव्हता, हल्ला सी-एजच्या डेटा सेंटरपुरताच होता. १ ऑगस्टला जोडणी पुन्हा सुरूही झाली. देशाच्या एकूण पेमेंटमध्ये या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, असंही छापून आलं. जुलैअखेर खत-फवारणीचे दिवस. ज्याचं एकच खातं आहे, त्याला हा अर्धा टक्का ऐकवून काय उपयोग?

आता हल्लेखोर आत शिरले कुठून? क्लाउडसेक या बंगळूरच्या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार, सुरुवात सी-एजमधून नाही, तर तिच्यासोबत काम करणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून झाली. जेन्किन्स म्हणजे आम्ही डेव्हलपर लोक लिहिलेला कोड बांधून सर्व्हरवर चढवायला वापरतो ते सॉफ्टवेअर. फुकट आहे, जगभर चालतं, आणि सगळ्या महत्त्वाच्या किल्ल्या त्याच्याच खिशात असतात.

या जेन्किन्समधलं भोक (नंबर सीव्हीई-२०२४-२३८९७) ऐकायला अगदी बावळट वाटेल. कमांड देताना @ हे चिन्ह टाकून पुढे एखाद्या फाइलचा पत्ता लिहिला, की जेन्किन्स ती फाइल स्वतःच उघडून तिचा मजकूर कमांडमध्ये भरायचं. समजा, तुम्ही तलाठ्याकडे अर्ज दिला आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, ‘तीन नंबरच्या कपाटातली फाइल बघा’. कारकुनाने खरंच कपाट उघडलं, फाइलमधल्या ओळी रकान्यात उतरवल्या, आणि ‘असं नाव चालत नाही’ असा शेरा मारून अर्ज तुमच्याच हातात परत दिला. अर्ज नामंजूर, पण कपाटातलं वाचून झालं! जेन्किन्सही असंच करायचं. एररच्या मेसेजमध्ये फाइलच्या ओळी छापून यायच्या. लॉगिन नसलेल्याला सुरुवातीच्या थोड्याच ओळी दिसायच्या, पण तेवढ्या धाग्यावरूनही पुढे पूर्ण सर्व्हर ताब्यात घेण्याचे रस्ते होते.

तारखा नीट बघा. हे भोक बुजवणारं अपडेट जेन्किन्सने २४ जानेवारी २०२४ ला दिलं होतं. हल्ला जुलैअखेर. मध्ये सहा महिने.

अपडेट आलं म्हणजे धोका संपला, असं आपल्याला वाटतं. ज्याने ते टाकलं नाही त्याचा धोका खरं तर त्या दिवशी वाढतो. अपडेटसोबत भोक कुठे होतं हेही जाहीर होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून बघितला की जाणकाराला रस्ता सापडतो. जेन्किन्सच्या बाबतीत तर हल्ल्याचा तयार कोड काही दिवसांतच इंटरनेटवर फिरत होता.

मग लोक अपडेट का टाकत नाहीत? दुसऱ्यांना कशाला बोलू, आमच्या टीमनेही एकदा असंच एक अपडेट तीन आठवडे लांबवलं होतं. एक प्लगइन बंद पडेल, रिलीज अडकेल ही भीती. चालू गाडीच्या इंजिनाला हात कोण लावणार?

तुमच्या फोनवरही हेच चालू असतं. गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या भोकांची यादी जाहीर करतं. ऑगस्ट २०२४ च्या यादीत लिनक्स कर्नेलमधलं एक भोक होतं (सीव्हीई-२०२४-३६९७१), आणि त्याचा निवडक लोकांवर आधीच वापर होत असल्याची चिन्हं असल्याचं गूगलनेच लिहिलं होतं. यादी त्याच दिवशी जगाला कळते. दुरुस्ती मात्र चिप बनवणाऱ्याकडून मोबाइल कंपनीकडे आणि तिथून तुमच्याकडे, अशी रखडत येते. स्वस्त फोनला तर दोन-तीन वर्षांनी ती येणंच बंद होतं. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड व्हर्जन उघडा. सिक्युरिटी अपडेटसमोर एक तारीख दिसेल. वर्षापूर्वीची असेल, तर त्यानंतरच्या प्रत्येक यादीतलं जे जे तुमच्या फोनला लागू आहे, ते उघडंच आहे.

पोळ्याला पवनारला गेलो तेव्हा बाबांच्या फोनमध्ये ती तारीख बघितली. मार्च २०२२. फोन माझाच जुना, मीच कौतुकाने दिलेला. ‘चेक फॉर अपडेट’ दाबलं, तर फोन म्हणतो सगळं अपडेटेड आहे. खोटंही नाही ते, कंपनीने पुढचं काही पाठवलंच नाही.

बाबांना सांगितलं, यातलं बँकेचं ॲप काढतो. ते म्हणाले, “फोन तं चांगला चालते, मंग काढतं काहून?” त्यांना @ ची आणि कपाटाची गोष्ट सांगितली. पटली की नाही माहीत नाही. शेवटी तोडगा असा निघाला: मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात, त्याचं ॲप आईच्या नव्या फोनवर, आणि बाबांच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात दोन-तीन हजारच ठेवायचे. क्रोम आणि व्हॉट्सॲप प्ले स्टोअरवरून अजून अपडेट होतात, ते तिथेच बसून करून घेतले. जुन्या फोनवर एवढंच हातात होतं. नवा फोन कापूस विकल्यावर, असं बाबांनी सांगितलंय.