परदेशी निघालेले शिक्षक आणि आपली निरोपाची भाषणे

आमच्या सीमाभागात शिक्षकाला निरोप म्हणजे वयाची साठी, शाल, श्रीफळ आणि माजी विद्यार्थ्यांची गर्दी, असे चित्र वर्षानुवर्षे होते. आता पस्तिशी-चाळिशीतला शिक्षक बायकामुलांसह मस्कतला, दुबईला, नाहीतर थेट इंग्लंडला निघतो आणि त्याच्यासाठी दोन भाषणे होतात. पहिले व्यासपीठावरून : हा आमचा गुरुजी मराठीचा झेंडा सातासमुद्रापार नेणार. दुसरे खाली, चहाचा कप हातात घेऊन : पैशाला भुलला, मराठी शाळा वाऱ्यावर टाकून पळाला. तीस वर्षे शाळेत काढल्यावर मला ही दोन्ही भाषणे ऐकवत नाहीत. त्यातल्या त्यात दुसरे अधिक. ते करणाऱ्यांची नातवंडे सकाळी कोणत्या माध्यमाच्या शाळेच्या बसमध्ये चढतात, हे मला फाटकात उभे राहून रोज दिसते.

पळाला म्हणता, तर तो कशातून पळाला तेही सांगा. माझ्या शाळेत गणिताची मंजूर जागा तीन वर्षे रिकामी होती. विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाला संस्था महिना बारा हजार देते आणि तेही दिवाळीच्या आधी मिळाले तर नशीब. त्याच्याकडून दहावीचे जादा तास घ्यायचे, जनगणना आली की त्यालाच दारोदार पाठवायचे आणि तो निघाला की त्यागावर प्रवचन द्यायचे! त्यागाची अपेक्षा करणाऱ्याने आधी वेळेवर पगार करावा.

पोटासाठी आणि शाळेसाठी गाव सोडणे मराठी शिक्षकाला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदा संस्थानाला लागू केला. मराठी माणसे तिकडे शिकवायला गेली, तिथलीच झाली. इंदूर-ग्वाल्हेरची कथा निराळी नाही. आम्ही बेळगावकरांनी तर नोव्हेंबर १९५६ मध्ये उंबरा न ओलांडता राज्य बदलले! तेव्हा स्थलांतराला नाक मुरडण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

पण बडोदा आणि दुबई एक नव्हे, आणि हे व्यासपीठावरचा वक्ता सांगत नाही. बडोद्याला गेलेल्याने घर बांधले, मतदान केले, मुलांना मराठी शाळेत घातले. आखातात गेलेला शिक्षक कितीही वर्षे राहिला तरी भाडेकरूच. नोकरी संपली की थोड्या मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळायचे. मुले बहुधा भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळेत. आपल्या केंद्रीय मंडळाच्या विषयांच्या यादीत मराठी आहे, पण शाळेने शिक्षक नेमला तर. शाळा म्हणते, मागणी नाही. मागणी कुणी करायची? सुटीवर आलेले माझे जुने सहकारीच सांगतात, ‘सर, तिथे आपलेच लोक फ्रेंच मागतात.’

इंग्लंडची ओढ अलीकडची. फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या सरकारने भारतासह नऊ देशांतल्या प्रशिक्षित शिक्षकांना अकरा ते सोळा वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्यासाठी पात्रता मिळवण्याचा मार्ग खुला केला. लंडन सोडून इतरत्र नवख्या शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन सप्टेंबर २०२५ पासून ३२,९१६ पौंड. हा आकडा रुपयांत मांडला की डोळे विस्फारतात, आणि दलाल तिथेच बोलणे थांबवतो. मी पुढचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. आरोग्यसेवेचा अधिभार फेब्रुवारी २०२४ च्या दराने प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. नवरा, बायको, दोन मुले : वर्षाला ३,६२२. व्हिसा तीन वर्षांचा असेल तर १०,८६६ पौंड, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, अर्जाबरोबर एकदम भरायचे. व्हिसाची फी, विमान, घराची अनामत वेगळी. शाळेने वाटा उचलला तर ठीक, नाहीतर गावाकडची जमीन आहेच गहाण टाकायला. आणि वेतन पौंडांत असले तरी घरभाडे आणि दूधही पौंडांतच घ्यायचे असते, हे गणित शिकवणारेसुद्धा विसरतात. दलालाविषयी एकच सांगतो. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदणी असलेल्याला तीस हजार रुपये आणि वर कर, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जो लाखात बोलतो त्याच्या दारात पाय ठेवू नये.

निरोपात ‘गुरुजी’ म्हणतो खरे, पण निघणाऱ्यांत बाई कमी नाहीत. विज्ञानाच्या बाईंना नोकरी मिळते आणि मागून जाणारा नवरा असतो. त्याचे तिकडे काय होणार, हे कुणी विचारत नाही. उलट गुरुजी निघाले की इथे पंधरा वर्षे शिकवलेल्या त्यांच्या पत्नीची नोकरी कुणाच्या हिशेबातच नसते. शाल एकाची, राजीनामे दोन.

आता झेंड्याचे. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. गणपती होतात, नाटके होतात, आनंद आहे. पण तिथल्या सोळाव्या वर्षाच्या शालान्त परीक्षेला गुजराती घेता येते, पंजाबी, बंगाली, उर्दू घेता येते, मराठी नाही. इतक्या वर्षांत तो विषय उभा राहिला नाही. झेंडा नेणाऱ्यांनी हे काम हाती घेतले तर मी इथून पाठ्यपुस्तके पाठवीन.

दोन भाषांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला एक गोष्ट कुणी शिकवायला नको. माझ्या शाळेतला सातवीचा मुलगा वर्गात मराठी, दुकानात कन्नड, मंडळात हिंदी बोलतो आणि इंग्रजी पेपर वाचायला धडपडतो. कन्नड आली म्हणून त्याची मराठी गेली नाही, कारण आजी मराठीत रागावते. नवी भाषा आल्याने जुनी जात नाही. बोलायला माणूस उरला नाही की जाते. परदेशात त्या मुलासाठी ते माणूस म्हणजे फक्त आईबाप. आणि शिक्षक आईबापच जर घरात इंग्रजीचा सराव करून घेऊ लागले, तर दोष परदेशाला देऊ नये.

मग जाणाऱ्याकडून मी काही मागू नये का? एक मागतो, आणि ते हक्काने मागतो. वर्षाच्या मध्ये जाऊ नका. आखातातल्या भारतीय शाळा एप्रिलला भरतात, त्यामुळे तिकडचा शिक्षक निदान दहावीच्या तोंडावरपर्यंत इथे असतो. इंग्लंडचे वर्ष सप्टेंबरला सुरू होते. म्हणजे आमची पहिली चाचणी होते न होते तोच भौतिकशास्त्राचा वर्ग पोरका. कॅरिबियन देशांनी हेच सोसले. त्यांनी ओरड केली म्हणून सप्टेंबर २००४ मध्ये राष्ट्रकुलातल्या शिक्षणमंत्र्यांनी इंग्लंडमधल्याच स्टोक रॉचफर्ड येथे शिक्षकभरतीविषयी एक मसुदा स्वीकारला. शैक्षणिक वर्षाच्या मध्ये दुसऱ्या देशाचे शिक्षक उचलू नयेत, असे त्यात सुचवले आहे. तो कायदा नाही, बंधन नाही. पण भारत राष्ट्रकुलात आहे, आणि आमच्याकडच्या एकाही संस्थाचालकाने त्याचा दाखला देऊन पत्र लिहिल्याचे मी ऐकलेले नाही. निरोपाचे हार मात्र वेळेवर येतात.

केरळचे पाहा. तिथल्या सरकारने नोकरीवरचा हक्क राखून परदेशी कामासाठी वीस वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेऊ दिली. २०२० मध्ये ती पाच वर्षांवर आणली. वीस वर्षे अतीच झाली, हे मलाही मान्य. पण पाच वर्षे वाजवी आहेत. शिक्षकाला परतीची वाट राहते, शाळेला ठरावीक मुदतीचा बदली शिक्षक नेमता येतो, मुलगी आठवीत परतली तर तिची मराठी सावरता येते. आपल्याकडे राजीनामा एवढाच पर्याय ठेवायचा आणि गेलेला परत का येत नाही म्हणून गळा काढायचा, ही कुठली रीत?

सीमाभागातल्या संस्थांच्या चालकांना मी जाहीर विचारतो : येत्या जूनपूर्वी आपल्या कार्यकारिणीत अशा पाच वर्षांच्या रजेचा ठराव मांडणार का, आणि विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाचा पगार महिन्याच्या पाच तारखेला करणार का? माझ्या शाळेतले विज्ञानाचे एक शिक्षक सध्या रोज संध्याकाळी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात. प्रयोगशाळेच्या किल्ल्या अजून त्यांच्याकडेच आहेत.