सूर्य किती वाजता डोक्यावर?

मंडळी, आपल्या वाचकांत ड्राफ्ट्समन आणि एसीवाले भरपूर, म्हणून यावेळी थोडं त्यांच्या कामाचं. इतरांनी पान उलटू नये, भाड्याचं घर पाहताना उपयोग होईल.

खोलीला किती टनांचा एसी लागेल याचा हिशोब आता कॉम्प्युटर करतो. भिंती, काचा, माणसं, दिवे भरून झाले की तो ठिकाण, तारीख आणि वेळ विचारतो. पुष्कळजण २१ जून, दुपारी १२ असं टाकून मोकळे होतात. सर्वात मोठा दिवस, त्यात भर दुपार! आम्हाला हे पटत नाही.

अजमानचा अक्षांश २५.४ उत्तर. २१ जूनला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ८८ अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. छत भाजून निघतं, पण दक्षिणेच्या खिडकीत ऊन जेमतेम. २१ डिसेंबरला तोच सूर्य ४१ अंशांवर असतो आणि त्याच खिडकीतून पार सोफ्यापर्यंत येतो. तेव्हा हवा गार असते म्हणून निभावतं. ऑक्टोबरात मात्र सूर्य खाली आलेला आणि हवा अजून तापलेलीच. दक्षिणेला मोठी काच असलेली खोली तेव्हा जूनपेक्षा जास्त तापू शकते. पश्चिमेच्या बेडरूमचा कठीण काळ जुलै-ऑगस्टात, दुपारी चार-पाचला. म्हणून बाराही महिने, चोवीस तास हिशोब चालवावा आणि प्रत्येक खोलीचा वाईट तास प्रोग्रॅमलाच शोधू द्यावा. एसी लहान पडला तर घामाघूम होणारी मुलं त्या घरातली असतात, हिशोब करणाऱ्याची नव्हेत.

आता घड्याळ. इथली वेळ ६० पूर्व रेखांशाची, अजमान मात्र ५५.५ वर, म्हणून सूर्य सरासरी १८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. फेब्रुवारीच्या मध्यास १२.३२ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीस १२.०२ ला. मुंबईकरांना यात नवल नाही; १९५५ पर्यंत मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ चालत होता. रेखांशाचं चिन्हही तपासावं. काही प्रोग्रॅम पश्चिम रेखांश अधिक धरतात. तिथे नुसतं ५५.५ टाकलं की आपलं अजमान थेट अटलांटिक महासागरात!

साइटवर असणाऱ्यांसाठी एक. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम बंद असतं. ही सुट्टी २००५ पासून आहे. विसाव्याची शेड आखताना बाराची सावली धरू नये. २१ जुलैला तीन वाजता सूर्य पश्चिमेला ५४ अंशांवर असतो आणि तीन मीटर उंच छताची सावली दोन मीटरहून जास्त पूर्वेला सरकलेली असते. बाकं तिथवर मांडावीत, किंवा पश्चिमेला ताडपत्री सोडावी.